उतारावरचं घर हिवाळ्याआधी कसं आवरायचं

उतारावरच्या घराला हिवाळ्यात थंडीपेक्षा पाणी जास्त छळतं. लाकडात मुरलेलं, भिंतीमागे साठलेलं, पाइपात गोठलेलं. म्हणून पानगळ लागली की मी पाण्याचा माग काढतच घराभोवती फिरते.

सुरुवात घराच्या वरच्या अंगाने करा. डोंगरावरून येणारं पाणी वळवायला भिंतीमागे जो चर खणलेला असतो, तो पानांनी हमखास बुजतो. निम्मी पानं गळाली की एकदा आणि झाडं उघडी पडली की पुन्हा, असा दोनदा तो उपसायचा. एकदाच जमणार असेल तर शेवटीच उपसा. गाळ काढून झाला की वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओतून बघायचं. कुठेही न रेंगाळता ते घराला वळसा घालून खाली गेलं पाहिजे. जिथे डबकं होईल, तिथे चर आणखी खणायचा. छपराच्या पन्हळीही त्याच दिवशी साफ करून टाका, पण शिडी धरायला माणूस हवाच. उतारावर शिडीचा एक पाय कायम अधांतरी राहतो.

मग सरपण. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाने जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं, आणि नीट जळायला ते 20 टक्क्यांच्या खाली यावं लागतं. त्यामुळे आत्ता फोडलेलं लाकूड पुढच्या हिवाळ्यासाठी धरायचं. कठीण जातीचं असेल तर दोन वर्षंही लागतात. वाळलं की नाही हे ओळखायला मला सासूबाईंनी शिकवलं. दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे: वाळलेले असतील तर खणखणीत वाजतात, ओले असतील तर बद्द. तरीही शंका राहिली तर एक तुकडा फोडून त्याची आतली बाजू गालाला लावायची. आतून ओलं असेल तर हाताला कोरडं वाटणारं लाकूडही गालाला गार, दमट लागतं. गाल फसत नाही.

थप्पी दोन आडव्या बल्ल्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून हातभर लांब रचा. झाकायची ती फक्त वरून. पहिल्या वर्षी मी सगळी थप्पी प्लॅस्टिकच्या कागदात चारी बाजूंनी गुंडाळली होती. महिन्याभराने कागद उचलला तर आतून पाण्याचे थेंब लोंबत होते आणि सालीवर पांढरी बुरशी धरली होती. बाजू उघड्या राहिल्या, वारा खेळला, तरच लाकूड वाळतं.

ओलं लाकूड घरात नुसता धूर करून थांबत नाही. त्याचा धूर वर जाताना निवतो आणि धुराड्याच्या आतल्या अंगाला डांबरासारखा थर धरतो. तो थर पेट घेतो. म्हणून पहिली शेगडी पेटवण्याआधी धुराडं ब्रशने घासून घ्यायचंच, यात टाळाटाळ नको. जळत्या लाकडातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. त्याचा इशारा देणाऱ्या यंत्रातल्या बॅटऱ्याही त्याच दिवशी बदला. राखेसाठी झाकणाची पत्र्याची बादली ठेवा, आणि ती घरापासून व थप्पीपासून लांब. राखेखाली निखारा दिवसदिवस जिवंत राहतो.

कुंड्या हलवताना एवढं ध्यानात ठेवा: रात्रीची गार हवा जड असते, पाण्यासारखीच उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागी किंवा आडव्या कुंपणामागे साठते. नाजूक झाडं तिथे ठेवू नका.

पाइप मात्र शेवटी, पण पहिल्या गोठवणाऱ्या रात्रीच्या आत. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि बंद पाइपात त्याला जागाच नसते. आमचा अंगणातला पाइप असाच फुटला. थंडीभर काही कळलं नाही, कारण बर्फानेच चीर बुजवली होती. ऊन पडलं, बर्फ वितळला आणि भिंतीच्या कडेने धार लागली. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. बाहेरच्या नळांचा घरातला व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, बागेची नळी काढून रिकामी करून गुंडाळायची, मग बाहेरचे नळ पूर्ण उघडायचे. आतलं पाणी निथळायला बराच वेळ लागतो, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत मी नळापाशीच उभी राहते. पाणी निघून गेलं तरी नळ पुन्हा बंद करत नाही. वसंतापर्यंत तो उघडाच.