जुन्या गाडीचं डॅशबोर्ड घड्याळ बदलताय? आधी या चुका टाळा

जुन्या गाडीतलं घड्याळ बंद पडलं की लोक पहिलं काय करतात, तर मोबाईल काढून तसंच दुसरं कुठे मिळतंय ते शोधायला बसतात. बंद का पडलं हे बघायचं नावच नाही. मग दुसरं येतं, बसतं, महिनाभर चालतं आणि तेही थांबतं, की लगेच मेसेज, "दादा, विकणाऱ्याने गंडवलं." बऱ्याच वेळा गंडवलेलं नसतं हो, पहिल्याला ज्याने मारलं त्यानेच दुसऱ्यालाही मारलेलं असतं.

ते कसं, हे समजायला आतलं मशीन माहीत पाहिजे. साठ-सत्तरच्या दशकातल्या किएन्झ्ले, व्हीडीओ या कंपन्यांच्या किंवा अमेरिकन गाड्यांमधल्या बोर्ग कंपनीच्या बऱ्याच घड्याळांत बॅलन्स व्हील (मागेपुढे झुलणारं चाक), स्प्रिंग, गिअर असं सगळं चावीच्या घड्याळासारखंच असतं. फरक एवढाच की चावी आपण देत नाही, कॉइल (विजेवर चालणारं तारेचं वेटोळं) देते. स्प्रिंग उतरत आली की आतले दोन पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी धातूची टोकं, एकमेकांना टेकतात, कॉइलमधून करंट जातो, ती एका दांडीला फटका मारते, स्प्रिंग पुन्हा भरते आणि पॉइंट सुटतात. इंजिन बंद करून शांत बसलात तर दर एक-दोन मिनिटांनी 'टक्' असा आवाज येतो तो हाच. मला तो आवाज फार आवडतो, पण ते असो.

आता बॅटरी उतरलेली असली तर काय होतं? फटका अर्धवट बसतो, पॉइंट टेकलेलेच राहतात आणि कॉइल तापत जाते. हे बनवणाऱ्यांना माहीत होतं म्हणून किएन्झ्ले-व्हीडीओच्या कित्येक घड्याळांत कमी तापमानाला वितळणाऱ्या सोल्डरचा एक टाका ठेवलेला असतो. कॉइल तापली की टाका सुटतो, पत्ती उचलली जाते, करंट बंद, घड्याळ थांबतं पण वाचतं. म्हणजे तुमचं 'मेलेलं' घड्याळ पुष्कळदा मेलेलं नसतंच.

इथेच मी स्वतः माती खाल्ली आहे. माझ्या पहिल्या घड्याळाचा तो टाका सुटलेला दिसला, मला वाटलं वा, पाच मिनिटांचं काम, नेहमीचं सोल्डर घेतलं, टाका मारला, बारा व्होल्ट दिले, टक् झालं, टिकटिक सुरू! दोन दिवस भेटेल त्याला सांगत फिरलो. मग गाडी तीन आठवडे उभी राहिली आणि एका सकाळी दार उघडलं तर आत जळक्या वार्निशचा वास. घड्याळ काढलं तर कॉइल काळीठिक्कर, डायलच्या मागच्या बाजूला धुराचा पट्टा. झालं असं की साधं सोल्डर १८३ अंशाच्या पुढे वितळतं, तोपर्यंत कॉइलच्या तारेवरचं इन्सुलेशन टिकलंच नाही. तिथे बिस्मथ नावाचा धातू घातलेलं सोल्डर लागतं, कथील-बिस्मथवालं १३८ अंशाला वितळतं. मी एवढं चांगलं मशीन केवळ उतावळेपणाने घालवलं. आणि रागाच्या भरात दुसरं घेतलं ते बसवायच्या आधी ना बॅटरी तपासली ना वायरिंग, तेही गेलं असतं, योगायोगाने वाचलं.

तेव्हापासून माझी सवय अशी: मल्टिमीटर बॅटरीवर नाही, घड्याळाच्या टर्मिनलवर लावायचा. बॅटरीवर साडेबारा दिसतात आणि घड्याळापाशी अकराच पोचतात, मध्ये कुठेतरी गंजलेला जोड असतो, अर्थिंगचा तर हमखास. आणि गाडी दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर घड्याळाचा फ्यूज काढून ठेवायचा. वेळ पुन्हा लावायला अर्धं मिनिट लागतं, त्याचा एवढा काय कंटाळा?

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे 'टेस्टेड, चालू आहे' वर विश्वास ठेवणं. वरचं मशीन डोळ्यासमोर आणा. वायर टेकवली, एक टक् झालं की एवढ्या भरलेल्या स्प्रिंगवर ते घड्याळ मिनिटभर चालणारच, पॉइंट जळलेले असोत की तेल सुकून डिंक झालेला असो. दहा सेकंदांच्या व्हिडिओत सगळीच घड्याळं चालू असतात! मी दोन फोटो मागतो, एक आज सकाळचा, एक उद्या संध्याकाळचा, दोन्हीत घड्याळाशेजारी मोबाईलवरची तारीख-वेळ दिसली पाहिजे. यावर जो चिडतो त्याच्याकडून घेत नाही. आणि जो सरळ सांगतो की बंद आहे, डायल चांगली आहे, त्याच्याकडून आनंदाने घेतो, कारण पार्ट तर मिळतात.

मापाचं थोडक्यात. बेझलचं, म्हणजे काचेभोवतीच्या रिंगचं, माप घेऊन ऑर्डर देऊ नका, डॅशबोर्डच्या भोकाचं माप घ्या, ५२ मिलिमीटर म्हणतात ते भोकाचं असतं आणि बाहेरची रिंग त्याहून मोठी असते. खोलीही मोजा, मागे वायपरची दांडी किंवा हीटरचा पाइप असतो. एकाने घड्याळ बसेना म्हणून डॅशबोर्डच कानस लावून मोठा केला होता, फोटो पाठवून विचारतो, आता कसं करू. काय सांगणार?

अर्थिंगची भानगड ब्रिटिश गाड्यांत. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यातल्या बऱ्याच पॉझिटिव्ह अर्थ होत्या, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं; एमजीबी ही स्पोर्ट्स कार तर १९६७ पर्यंत. साध्या कॉइल-पॉइंटवाल्या घड्याळाला बऱ्याचदा याने फरक पडत नाही, पण ट्रान्झिस्टर किंवा क्वार्ट्झवालं उलटं लागलं की संपलं. लोक म्हणतात दोन वायरी अदलाबदल करू, पण घड्याळाची धातूची बॉडीच अर्थ असते आणि ती क्लॅम्पमधून डॅशबोर्डला टेकते, म्हणजे अदलाबदल केलीत की थेट शॉर्ट. सहा व्होल्ट की बारा हेही आधी बघा, अमेरिकन गाड्या बहुतेक १९५५-५६ च्या सुमारास बारावर आल्या, त्याआधीच्या गाडीला नंतरचं घड्याळ लावून 'हळू चालतं' म्हणू नका.

क्वार्ट्झ मशीन टाकून घेण्याबद्दल विचारतात. टाका, रोजच्या वापराची गाडी असेल तर शहाणपणाचंच आहे, फक्त जुनं मशीन डबीत घालून जपून ठेवा, फेकू नका. आणि क्वार्ट्झ म्हणजे अमर असंही नाही, मर्सिडीज डब्ल्यू१२३ मधली क्वार्ट्झ घड्याळं आतले कपॅसिटर सुकल्यामुळे थांबतात, ते बदलले की बहुतेक चालू होतात.

बाकी पटापट. गंज सोडवायचा स्प्रे घड्याळात मारू नका, आज चालेल, वर्षभरात चिकटेल, सुईच्या टोकावर मावेल तेवढं घड्याळाचं तेल पिवटला (चाकाच्या आसाच्या टोकाला) पुरतं. काटे स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, डायलवर कागद ठेवून दोन्ही बाजूंनी सारखं उचला. बेझलची दुमडलेली कड एका जागी जोर लावून उघडायची नसते, गोल फिरत फिरत, प्रत्येक फेरीत थोडी थोडी. वायर इग्निशनवर जोडू नका, नाहीतर चावी काढली की घड्याळही झोपणार. व्हीडीओच्या मागे महिना-वर्षाचा शिक्का असतो, तो तुमच्या गाडीच्या सालाशी जुळतोय का बघा.

एक मात्र गंमतीत घेऊ नका. खूप जुन्या घड्याळांच्या, विशेषतः विमानातून काढलेल्या, आकड्यांवर किरणोत्सर्गी रेडियमचा रंग असू शकतो. अंधारात चमकत नाही म्हणजे संपला असं नाही, चमक देणारा झिंक सल्फाइड थकतो, रेडियमचं अर्ध-आयुष्य १६०० वर्षं आहे. ते खरवडायचं नाही, घरी उघडायचं नाही, काच फुटलेली असेल तर विकतच घ्यायचं नाही.

आणि आलेलं घड्याळ त्याच दिवशी डॅशबोर्डात घालू नका. माझ्याकडे ते आधी आठवडाभर टेबलावर बॅटरीला जोडून पडतं, शेजारी कागद, रोज सकाळी किती पुढे-मागे ते लिहायचं. आत्ता एक आहे, चौथा दिवस, रोज दोन मिनिटं मागे पडतंय, रेग्युलेटर, म्हणजे वेग कमी-जास्त करायची दांडी, अजून केसभर प्लसकडे सरकवायचाय.