‘लय मजा आली’ आणि ‘पार वाट लागली’ इंग्रजीत कसं सांगायचं

कास पठारावरून परतलेला माणूस ‘लय मजा आली’ म्हणतो आणि विषय संपतो. तेच इंग्रजीत सांगायची वेळ आली की तोंडातून हमखास निघतं, ‘आय एन्जॉइड अ लॉट’. समोरच्याला अर्थ कळतो, पण वाक्य लंगडंच राहतं.

गडबड शब्दांची नाही, मांडणीची आहे. मराठीत अनुभव आपल्याकडे चालत येतो: मजा आली, कंटाळा आला, टेन्शन आलं, त्रास झाला. आपण ‘मला’ होऊन बाजूला बसतो. इंग्रजीत कुणाला तरी पुढे बसवावंच लागतं, एक तर माणसाला, नाही तर घडलेल्या गोष्टीला. माणूस पुढे बसला तर बहुतेकदा ‘हॅड’ लागतं: ‘आय हॅड अ ग्रेट टाइम’. गोष्ट पुढे बसली तर ‘वॉज’: ‘द ट्रिप वॉज ग्रेट’. तोंड उघडण्याआधी एवढं ठरवलं की निम्म्या चुका तिथेच गळतात.

आता ‘एन्जॉय’. या क्रियापदाला कर्म लागतं. काय एन्जॉय केलं ते सांगा: ‘आय एन्जॉइड इट’, ‘आय एन्जॉइड द ट्रिप’. नेमकं सांगायचं नसेल तर ‘आय एन्जॉइड मायसेल्फ’. पुढे क्रियापद आलं तर ‘इंग’ लावून: ‘आय एन्जॉइड वॉकिंग’, ‘टू वॉक’ नाही. एकटं ‘एन्जॉय!’ चालतं ते ताट पुढ्यात ठेवताना, म्हणजे ‘सावकाश जेवा’च्या जागी.

‘फन’ आणि ‘फनी’ यांत तर फार लोक फसतात. ‘फनी’ म्हणजे हसू येण्यासारखं, नाही तर काहीतरी विचित्र. ‘द फूड वॉज फनी’ म्हणालात तर ऐकणारा जेवण विटलं होतं असं धरून चालेल. मजा आली असेल तर ‘इट वॉज अ लॉट ऑफ फन’ किंवा ‘वी हॅड फन’. नुसत्या ‘फन’च्या आधी ‘अ’ लावू नका. ‘अ फन ट्रिप’ मात्र बरोबर, कारण तिथला ‘अ’ ट्रिपचा आहे. आपल्या ‘लय भारी’च्या जवळचं हवं असेल तर ‘वी हॅड अ ब्लास्ट’ म्हणा. हे मित्रांत शोभतं, मुलाखतीत ‘आय रिअली एन्जॉइड इट’ पुरे.

कंटाळ्याची चूक सगळ्यांत महागात पडते. ‘आय अ‍ॅम बोरिंग’ म्हणजे ‘मी कंटाळवाणा माणूस आहे’. ज्याला वाटतं त्याला ‘एड’, ज्याच्यामुळे वाटतं त्याला ‘इंग’. सातारा हिल हाफ मॅरेथॉन धरा: 21 किलोमीटर, त्यात यवतेश्वरचा घाट. चढ ‘टायरिंग’, धावणारा ‘टायर्ड’. पार गळून गेला असेल तर चढ ‘एक्झॉस्टिंग’ आणि धावणारा ‘एक्झॉस्टेड’. लिहिताना या शब्दात ‘ह’ आहे, पण तो उच्चारत नाहीत. म्हणताना ‘इग्झॉस्टेड’ म्हणा.

इथेच ‘व्हेरी’चीही भानगड आहे. ‘व्हेरी टायर्ड’ ठीक, पण ‘व्हेरी एक्झॉस्टेड’ खटकतं, कारण त्या शब्दात ‘अगदी’ आधीच भरलेलं आहे. फँटॅस्टिक, ऑफुल, टेरिबल या सगळ्यांचं तेच. त्यांच्या आधी ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ घ्या. ‘रिअली’ दोन्हीकडे चालतं.

त्रास सांगण्याचे साचे थोडेच आहेत, पण घोकण्यासारखे. ‘खंबाटकी घाट पार करायला दोन तास लागले’ याचं इंग्रजी ‘इट टुक मी टू अवर्स टू गेट थ्रू खंबाटकी’. वाक्याची सुरुवात तासांपासून करू नका, ‘इट टुक मी’ आधी. ‘गाडी लावायला नाकी नऊ आले’ याला ‘आय हॅड अ हार्ड टाइम पार्किंग द कार’. सौम्य करायचं तर ‘अ हार्ड टाइम’च्या जागी नुसतं ‘ट्रबल’, आधी ‘अ’ नको. दोन्हींत पुढे ‘इंग’च येतं, ‘टू पार्क’ नाही. ‘हार्ड’ला उगाच ‘ली’ जोडू नका. ‘आय वर्क्ड हार्डली’ हे वाक्य मोडकं आहेच, शिवाय ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, त्यामुळे राबल्याचं सांगायला जाऊन कामचोर ठराल. आणि ‘आय गॉट टेन्शन’ हे आपलं मराठीच. त्याला ‘आय वॉज वरीड’, कामाचा ताण असेल तर ‘आय वॉज स्ट्रेस्ड’.

शब्दांची एक जोडगोळी मुद्दाम बघून ठेवा. ‘टेरिबल’ आणि ‘टेरिफिक’ दोन्ही भीतीच्याच मुळातून आले, पण आज ‘टेरिबल’ म्हणजे वाईट आणि ‘टेरिफिक’ म्हणजे झकास. ‘हॉरिफिक’ मात्र वाईटच राहिला, म्हणून शेपटावरून अंदाज बांधू नका. ‘ऑफुल’ आणि ‘ऑसम’ यांचीही तीच कथा: मूळ एक, पहिला वाईट, दुसरा भन्नाट. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही, आपणही ‘भयंकर आवडलं’ म्हणतोच की.

वाक्प्रचार मोजकेच घ्या. ‘पीस ऑफ केक’ म्हणजे डाव्या हातचा मळ. सोपं होतं एवढाच त्याचा अर्थ, मजेशी त्याचा संबंध नाही. ‘इट वॉज नो पिकनिक’ यात सहलीचं नाव असलं तरी अर्थ ‘खायचं काम नव्हतं’. ‘नॉट माय कप ऑफ टी’ म्हणजे आपल्याला रुचणारी गोष्ट नाही. ‘नाइटमेअर’ वाहतूककोंडीला खुशाल वापरा.

ब्रिटिश माणसाशी बोलताना कान जरा वेगळे लावावे लागतात. त्याचं ‘नॉट बॅड’ बऱ्याचदा चांगलंच कौतुक असतं. ‘क्वाइट गुड’ उलट ‘ठीकच होतं’ इथवर उतरतं. ‘अ बिट ऑफ अ चॅलेंज’ म्हणाला तर दमछाक झालीय असं समजा.

बरंवाईट एकत्र सांगताना ‘बट’च्या पुढचं ऐकणाऱ्याच्या मनात राहतं, मराठीतल्या ‘पण’सारखंच. ‘द फ्लॉवर्स वेअर ब्यूटिफुल, बट द क्राउड वॉज अ बिट मच’ ही तक्रार झाली. दोन्ही अर्ध्या वाक्यांची अदलाबदल करा, ते कौतुक होतं.

खऱ्या संकटाला मात्र यातलं चटकदार काही चालत नाही. 2019 च्या महापुरात ज्यांनी रात्रभर सांगलीच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीचे आकडे विचारत जागून काढलं, त्यांच्या तोंडी ‘नाइटमेअर’ही हलकं वाटेल. तिथे साधं बोला: ‘वी वेंट थ्रू अ लॉट’ म्हणजे खूप सोसलं, ‘वी गॉट थ्रू इट’ म्हणजे त्यातून निभावलो. दोन्हींत ‘थ्रू’च आहे, क्रियापदाने अर्थ फिरतो. दुसऱ्याने असं काही सांगितलं तर ‘ओ, सो सॅड’ म्हणून मोकळे होऊ नका. ‘दॅट मस्ट हॅव बीन टफ’ म्हणा आणि त्याला पुढे बोलू द्या.