गिटारीच्या आधी घडवायचे साचे

अकूस्टिक गिटार घडवायला शिकायचे ठरवले, तेव्हा माझे सगळे लक्ष शिसवीच्या आणि स्प्रूसच्या फळ्यांवर होते. प्रत्यक्षात पहिल्या वर्षातला निम्मा वेळ पुण्यातल्या माझ्या छोट्या गॅरेजमध्ये प्लायवुडचे साचे आणि जिग, म्हणजे काम करताना लाकूड किंवा हत्यार जागच्या जागी धरणारी साधने, बनवण्यात गेला, आणि नव्याने शिकणाऱ्याला आज मी हाच क्रम सांगतो.

सुरुवात बाहेरच्या साच्यापासून करावी. जेमतेम 2 मिमी जाडीच्या बाजूच्या पट्ट्या गरम पाइपवर वाकवल्यानंतर याच साच्यात बसतात आणि खोके पूर्ण होईपर्यंत त्यांचा आकार तोच धरून ठेवतो. मी 18 मिमी प्लायचे चार थर चिकटवून 72 मिमी उंचीचा साचा केला, पण कागदावर पूर्ण गिटारीची आकृती काढून तीच कापल्यामुळे डावा फुगवटा उजव्यापेक्षा जवळपास 3 मिमी मोठा झाला आणि तो दोष माझ्या पहिल्या दोन्ही गिटारींत उतरला. म्हणून 6 मिमी एमडीएफचा फक्त अर्ध्या आकाराचा फर्मा करावा, तो कानशीने घासून हाताला कुठेही खोच लागणार नाही इतका गुळगुळीत करावा आणि मध्यरेषेवर उलटवून त्याच फर्म्याने दुसरी बाजू आखावी. राउटरला, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या विजेच्या हत्याराला, फर्म्याच्या कडेने फिरणारी बेअरिंगची बिट लावली की प्रत्येक थर फर्म्याबरहुकूम निघतो. आतली भिंत काटकोनात आहे की नाही, हे दर चार बोटांवर गुण्या लावून तपासावे.

गिटारीच्या फळ्यांना आतून आधार देणाऱ्या पट्ट्या, म्हणजे ब्रेसेस, चिकटवण्यासाठी गो-बार डेक हे मला सर्वांत प्रिय साधन आहे. चार उभ्या सळ्यांवर बसवलेल्या दोन जाड फळ्या आणि त्यांच्यामधल्या अंतरापेक्षा किंचित लांब, वाकवून अडकवलेल्या आणि ब्रेसेस खाली दाबून धरणाऱ्या बांबूच्या कांबी, एवढीच त्याची रचना असते. कांब थोडी कमी वाकली किंवा जास्त वाकली, तरी तिचा दाब फारसा बदलत नाही, मात्र जाडी दुप्पट झाली तर तो आठपट होतो. त्यामुळे कांबी रंध्याने एकसारख्या तासणे हेच खरे काम आहे. मी प्रत्येक कांब वजनकाट्यावर उभी धरून, ती वाकेपर्यंत दाबून पाहिली आणि सुमारे 4 किलो दाब देणाऱ्या तेवढ्याच ठेवल्या.

ब्रेसेस भर पावसाळ्यात चिकटवू नयेत. ओलाव्याने फुगलेली फळी हिवाळ्यात आकसते आणि आडव्या ब्रेसेसनी जखडलेली असल्यामुळे चिरते. हवेतली आर्द्रता 45 ते 50 टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हाच मी हे काम करतो.

फ्रेटच्या, म्हणजे गिटारीच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, खाचांसाठी करवत सरळ धरणारी लाकडी पेटी पुरते, पण मापांत हयगय चालत नाही. 650 मिमी लांबीच्या तारेला 17.817 ने भागले की पहिला फ्रेट नटपासून (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) 36.48 मिमीवर येतो, उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागत पुढचे फ्रेट काढता येतात आणि बारावा बरोबर 325 मिमीवर पडतो. सगळ्या खुणा नटपासूनच मोजाव्यात, कारण फ्रेटपासून फ्रेट मोजत गेल्यास बारीकसारीक चुका साठत जातात. संगणकावरून छापलेला नमुना वापरणार असाल, तर बाराव्या फ्रेटचे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजल्याशिवाय करवत हातात घेऊ नका. माझ्या प्रिंटरने ते 2 मिमीने कमी छापले होते.