खुब्याची ग्रोथ प्लेट सरकली असेल, तर आधी मुलाला चालणं बंद करा

"परीक्षा झाल्यावर ऑपरेशन केलं तर चालेल का?" एक्स-रे बघून निदान सांगितलं की हा प्रश्न येतोच. मी मुलांच्या हाडांची डॉक्टर आहे. बऱ्याच ऑपरेशनांना मी तारीख पुढची देते, या एकाला देत नाही. निदान झालं की व्हीलचेअर, आणि तिथूनच वॉर्डात. घरून कपडे तुम्ही आणा, मूल इथेच राहू दे. साधारण 10 ते 16 या वयात मांडीच्या हाडाचं डोकं आणि मान यांच्यामधली वाढीची चकती, म्हणजेच ग्रोथ प्लेट, कच्ची असते. एकदा सरकू लागली की प्रत्येक पाऊल तिला आणखी ढकलू शकतं.

मूल बऱ्याचदा गुडघा दुखतो म्हणतं, आणि गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल येतो. लंगडत असेल, पाऊल बाहेर वळलेलं असेल, तर दोन्ही खुब्यांचा एक्स-रे मागा, समोरून आणि बाजूनेही. कुबड्या घेऊनही पाय टेकवता येत नसेल तर ती इमर्जन्सी समजा. अशा वेळी मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा जाण्याचा धोका कितीतरी जास्त असतो आणि ऑपरेशनही वेगळं लागू शकतं.

पाय टेकवता येत असेल, तर बहुतेकदा एकच स्क्रू पुरतो. भूल दिल्यावर मांडीवर सेंटीमीटरभर छेद घेतो. सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना पडद्यावर एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर, बघत आधी बारीक तार हाडाच्या डोक्याच्या मधोमध नेतो, मग तिच्यावरून पोकळ स्क्रू. चकतीपलीकडे निदान पाच आटे जायला हवेत, पण टोक सांध्यात शिरता कामा नये, नाहीतर कूर्चा, म्हणजे सांध्यातलं गुळगुळीत अस्तर, खराब होते. म्हणून शेवटी पाय सगळीकडे फिरवून पडद्यावर टोक तपासल्याशिवाय मी टाका घालत नाही. सरकलेलं डोकं ओढून जागेवर बसवा, असा आग्रह धरू नका. त्या ओढाताणीत रक्तवाहिन्यांना इजा होते.

दुसऱ्या खुब्याबद्दल मात्र ऑपरेशनआधीच विचारा. मूल 10 वर्षांहून लहान असेल किंवा थायरॉइडचा, किडनीचा आजार असेल, तर तिकडेही आधीच स्क्रू घालणं बरं असतं.

पुढे साधारण सहा आठवडे कुबड्या. दुखणं थांबलं की मुलं त्या कोपऱ्यात टाकतात, तेव्हा लक्ष तुम्हालाच ठेवावं लागेल. चकती भरून येईपर्यंत पळणं-उड्या बंद, एक्स-रेची एकही तारीख चुकवू नका. ताप आला, जखम पाझरली, किंवा दुसऱ्या पायाचा गुडघा जरी दुखला, तरी त्याच दिवशी या.