पिन फिरवली की आवाज जातो: म्युझिक प्लेअरच्या जॅकची दुरुस्ती

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या परभणीकडे अंगावरच्या कपड्यांना रुईचे तंतू चिकटलेले असतात, आणि खिशात ठेवलेल्या म्युझिक प्लेअरच्या जॅकमध्ये, म्हणजे हेडफोनची पिन घालतो त्या छिद्रात, ते पिनेबरोबर आत दाबले जाऊन तळाशी घट्ट बसतात. ‘जॅक गेला’ म्हणून बाजूला टाकलेल्या प्लेअरमध्ये मला अनेकदा एवढाच बिघाड सापडला आहे. म्हणून प्लेअर उघडण्याची घाई करू नये.

आधी चांगला चालणारा दुसरा हेडफोन लावून पाहावा. दोष कायम राहिला आणि वायर स्थिर धरून नुसती पिन बोटांनी फिरवताच खरखर झाली, तर दोष जॅकमध्ये आहे. ३.५ मिलिमीटरच्या साध्या पिनेचे टोक डाव्या कानासाठी, मधले कडे उजव्या कानासाठी आणि मागचा भाग दोन्हींच्या सामाईक ग्राउंडसाठी, म्हणजे विजेच्या परतीच्या जोडणीसाठी असतो. त्यामुळे अभंग लावल्यावर गायकाचा आवाज विरल्यासारखा होऊन कडेचे टाळ तेवढे स्पष्ट ऐकू येत असतील, तर ग्राउंड नीट जुळत नाही असे समजावे; कारण अशा वेळी दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज एकमेकांत कटून जातो आणि फक्त दोन्हींमधला फरक ऐकू येतो.

पिन पूर्ण आत न जाता तिचा चकाकता भाग किंचित बाहेर दिसत असेल, तर तळाशी कचरा आहे. प्लेअर बंद करावा, जॅकचे तोंड खाली धरावे आणि टोक बारीक केलेल्या लाकडी काडीने तंतू कडेकडेने बाहेर ओढावेत. सुई कधीही वापरू नये, कारण आतल्या पातळ पट्ट्या एकदा वाकल्या की पिनेला पुन्हा नीट टेकत नाहीत. त्यानंतर पिनेला आयसोप्रोपिल अल्कोहोल (चटकन उडून जाणारे सफाईचे द्रव) लावून ती आठ-दहा वेळा आत-बाहेर करावी आणि अर्धा तास वाळू द्यावे. रॉकेल किंवा खोबरेल तेल घालण्याची सवय अनेकांना आहे, पण त्यावर पुन्हा धूळ चिकटते.

एवढ्यानेही आवाज येत-जात राहिला, तर बहुधा सर्किट बोर्डवरचा डाग, म्हणजे जॅकचा पाय बोर्डाला जोडणारा सोल्डरचा सांधा सुटलेला असतो. प्लेअर उघडून सर्वप्रथम बॅटरीची जोडणी काढावी आणि जॅकच्या पायांचे डाग भिंगाखाली पाहावेत. सुटलेल्या डागाभोवती केसाएवढी गोल चीर दिसते. तिथे फ्लक्स (सोल्डर नीट पसरून धरावे म्हणून लावायचा पदार्थ) लावून, सुमारे ३५० अंश सेल्सिअसला तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने थोडे नवे सोल्डर देऊन दोन-तीन सेकंदांत हात काढावा, नाहीतर जॅकचे प्लास्टिक वितळते.

पिन काढल्यावरही प्लेअरचा स्वतःचा स्पीकर वाजत नसेल, तर पिन लागली आहे की नाही हे ओळखणारी जॅकमधली स्विचची पट्टी अडकलेली असू शकते. सफाईनेही ती मोकळी झाली नाही, तर जॅकच बदलावा लागतो. नवा जॅक घेताना जुना सोबत न्यावा आणि पायांची संख्या व त्यांतील अंतर ताडून पाहावे. झाकण लावण्यापूर्वी बॅटरी जोडून, पिन पूर्ण एक फेरा फिरवत एक गाणे शेवटपर्यंत ऐकावे.