संधिवाताच्या जर्नल क्लबमध्ये बाजू मांडताना

ऱ्हुमॅटॉलॉजी म्हणजे सांधेरोग विभागात नव्याने रुजू झालेल्या निवासी डॉक्टरला ओपीडीपेक्षा जर्नल क्लबची, म्हणजे शोधनिबंधांवरच्या चर्चेची, धास्ती अधिक वाटते. मलाही ती वाटत असे. आमच्याकडे एका शोधनिबंधावर दोघांनी समोरासमोर बोलायचे, बाजू चिठ्ठी टाकून ठरवायची आणि वाट्याला आलेली बाजू पटो वा न पटो, ती मनापासून लढवायची, अशी पद्धत होती. सुरुवातीला मला ती कृत्रिम वाटली. पुढे लक्षात आले की न पटणाऱ्या बाजूसाठी मुद्दे शोधतानाच आपण एरवी घाईत ओलांडून जातो ते पद्धतीचे प्रकरण आणि पुरवणीतले तक्ते शब्दन् शब्द वाचतो.

माझ्या पहिल्या सादरीकरणाला 2013 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेला रॅकॅट हा अभ्यास होता. केवळ मेथोट्रेक्सेट या नेहमीच्या पहिल्या औषधाने आटोक्यात न आलेल्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या संधिवाताच्या) 353 रुग्णांपैकी काहींना सल्फासॅलाझिन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या गोळ्यांची जोड दिली गेली, तर काहींना एटानरसेप्ट या टीएनएफ-रोधकाच्या, म्हणजे सूज वाढवणारे टीएनएफ हे प्रथिन रोखणाऱ्या औषधाच्या, इंजेक्शनची. त्याच आठवड्यात ओपीडीत विड्या वळणारी एक बाई आली होती. सकाळी मुठी वळत नाहीत आणि दहा वाजेपर्यंत पाने कापायची कात्री हातात धरवत नाही, असे ती सांगत होती. मेथोट्रेक्सेट पुरेशा मात्रेत चालू असूनही तिच्या बोटांच्या मुळाशी सूज होती. त्यामुळे हा निबंध माझ्यासाठी नुसता अभ्यासाचा विषय राहिला नव्हता.

माझ्या चिठ्ठीत गोळ्यांची बाजू आली. अठ्ठेचाळीस आठवड्यांनी डीएएस28 हा आजाराची तीव्रता मोजणारा निर्देशांक गोळ्यांच्या गटात 2.1 ने आणि इंजेक्शनच्या गटात 2.3 ने उतरला, दोहोंतील फरकाचे पी मूल्य (खरा फरक नसतानाही एवढा किंवा त्याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) 0.26 आहे, म्हणून दोन्ही उपचार सारखेच, असे मी ठामपणे सांगितले. आमच्या विभागातल्या मॅडमनी शांतपणे विचारले, "फरक सिद्ध झाला नाही आणि फरक नाही, या दोन गोष्टी एकच का? मार्जिन किती धरले होते?" मला उत्तर देता आले नाही, कारण मी केवळ सारांश आणि निष्कर्ष वाचून गेले होते.

नवीन येणाऱ्यांनी हा मुद्दा पहिल्याच महिन्यात पक्का करावा. रुग्णसंख्या अपुरी असली तरी पी मूल्य मोठे येऊ शकते. त्यावरून दोन औषधे समान ठरत नाहीत. म्हणूनच नॉन-इन्फिरिऑरिटी, म्हणजे 'उणे नाही' हे दाखवणाऱ्या, चाचणीत एक औषध दुसऱ्यापेक्षा जास्तीत जास्त किती उणे पडले तर चालेल, ही मर्यादा, म्हणजेच मार्जिन, संशोधक आधीच जाहीर करतात. रॅकॅटमध्ये ती 0.6 होती आणि कॉन्फिडन्स इंटरव्हलची (खरा फरक ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे त्याची) वरची कड 0.41 वर थांबली. एखाद्या रुग्णाला चांगला प्रतिसाद मिळाला असे म्हणायला या निर्देशांकात 1.2 पेक्षा अधिक घट लागते, हे लक्षात घेतले की 0.6 ही मर्यादा उदार आहे की कडक, यावर वाद घालता येतो. आणि तो वाद घालण्यासारखा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चोवीस आठवड्यांनी सुधारणा न दिसणाऱ्यांचे उपचार दोन्ही गटांत बदलले गेले होते आणि अशा रुग्णांचे प्रमाण दोन्हीकडे 27 टक्के होते. म्हणजे तुलना दोन औषधांची नव्हती, दोन क्रमांची होती. आधी गोळ्या आणि गरज पडली तर इंजेक्शन, या क्रमाने रुग्णाचे नुकसान होत नाही, एवढेच हा अभ्यास सांगतो, आणि माझ्या मते तेवढे पुष्कळ आहे.

निदानाच्या पुराव्यावर बोलताना गल्लत होते ती बहुधा आकड्यांच्या संदर्भाची. आपल्याकडे सांधे दुखतात म्हटले की रक्तातील आरए फॅक्टर तपासायला पाठवतात आणि तो पॉझिटिव्ह आला की रुग्ण हादरतो. 2007 च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात आरए फॅक्टरची संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी पॉझिटिव्ह येणारे) 69 टक्के व विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी निगेटिव्ह येणारे) 85 टक्के, तर अँटी-सीसीपी या दुसऱ्या रक्ततपासणीची अनुक्रमे 67 व 95 टक्के आढळली. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने 1996 पासून झालेल्या पाहणीत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले होते. आता अशा गावातील हजार प्रौढांची सरसकट तपासणी केली, तर पाच खऱ्या रुग्णांपैकी तीन-चार जण पॉझिटिव्ह येतील आणि उरलेल्या निरोगी माणसांपैकी जवळपास दीडशे जणही पॉझिटिव्ह येतील. याउलट तपासणीत सूज पाहून ज्याच्याबद्दल पन्नास टक्के शंका आहे, अशा रुग्णात अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आली तर ती शंका नव्वद टक्क्यांच्या पुढे जाते. वादात कोणी नुसती विशिष्टता सांगितली तर ती कोणत्या माणसांमध्ये मोजली, हे लगेच विचारावे. क्षयरोग, कुष्ठरोग आणि हिपॅटायटिस सी यांतही आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येतो.

अमेरिका व युरोपातील संधिवात संघटनांच्या 2010 च्या एसीआर-युलार निकषांबाबतही हेच. दहापैकी सहा गुण झाले म्हणजे निदान झाले असे नव्हे. ते निकष अभ्यासासाठी एकसारखे रुग्ण निवडता यावेत म्हणून केलेले वर्गीकरणाचे निकष आहेत, आणि सांध्यांच्या सुजेचे दुसरे कारण अधिक सयुक्तिक नसावे, ही त्यांची पूर्वअट आहे. चिकुनगुन्यानंतर महिनोन्महिने सांधे धरलेल्या रुग्णाचे गुण मोजून पाहावेत, म्हणजे ही अट का घातली ते कळेल.

टोफासिटिनिब या संधिवाताच्या गोळीवरील ओरल सर्व्हेलन्स हा 2022 चा अभ्यास आमच्याकडे सर्वांत तापलेल्या चर्चेचा ठरला. हृदयविकाराच्या मोठ्या घटना टोफासिटिनिबवर 3.4 टक्के आणि टीएनएफ-रोधकांवर 2.5 टक्के, तर कर्करोग 4.2 विरुद्ध 2.9 टक्के, हे आकडे ऐकून औषध बंदच करावे असे वाटते. पण त्यात घेतलेले सगळे रुग्ण पन्नाशीचे वा त्यापुढचे होते आणि प्रत्येकाला हृदयविकाराचा किमान एक जोखीम घटक होता. शिवाय डमी गोळीचा गट नव्हता. त्यामुळे एका औषधाने धोका वाढवला की दुसऱ्याने घटवला, हे या अभ्यासातून निश्चित सांगता येत नाही. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला हे आकडे जसेच्या तसे सांगणे मला चुकीचे वाटते, आणि साठीच्या मधुमेही माणसापासून ते लपवणे त्याहून चुकीचे.

यादृच्छिक चाचणीलाच, म्हणजे रुग्णांचे गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडून केलेल्या अभ्यासालाच, पुरावा मानणाऱ्यांसाठी 2001 चा निबंध काढून ठेवावा. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ-रोधक घेतल्यानंतर क्षयरोग झालेल्या 70 रुग्णांची नोंद त्यात आहे. त्यातील 48 जणांना तो तीन किंवा त्याहून कमी डोसांनंतर झाला होता. हे धोक्याचे लक्षण उत्स्फूर्तपणे कळवलेल्या नोंदींतून स्पष्ट झाले. आपल्या देशात टीएनएफ-रोधक सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी का करतात, याचे उत्तर त्या साध्या नोंदींत आहे.

मॅडमच्या प्रश्नानंतर मी रॅकॅटचा निबंध पुरवणीसकट पुन्हा वाचला. विड्या वळणाऱ्या त्या बाईच्या नवऱ्याने वर्षभरापूर्वी क्षयरोगाचा उपचार पूर्ण केला होता आणि इंजेक्शनचा खर्च तिला झेपणारा नव्हता, त्यामुळे आम्ही गोळ्यांपासून सुरुवात केली. केसपेपरवर तीन औषधांच्या नावांखाली, मेथोट्रेक्सेटपुढे 'आठवड्यातून एकदाच, रविवारी' असे ठळक लिहून, मी चोवीस आठवड्यांनंतरची तारीख टाकली. त्या दिवशीही सूज तशीच असेल तर क्षयरोगाच्या तपासण्या करून इंजेक्शनसाठी शासकीय योजनेचे कागद हलवायचे, असे तिच्यासमोरच नोंदवले आणि तिला वाचून दाखवले.