सुरकुत्या पुसल्यावर

व्यक्तिचित्रणाच्या वर्गात पहिल्याच महिन्यात आमच्यासमोर मॉडेल म्हणून एक निवृत्त गिरणी कामगार बसायचे. वय सत्तरीपुढचं. मी चारकोल घेतला आणि कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांच्या कडेच्या रेघा, गालावरच्या घड्या अगदी मोजून उतरवल्या. सर मागे येऊन उभे राहिले, फडकं घेतलं आणि सगळं पुसून टाकलं. "आता म्हातारा दिसतो का?" दिसत नव्हता. मी पंचविशीच्या पोराच्या तोंडावर सुरकुत्या काढल्या होत्या. त्या गेल्या आणि पोरगा उरला.

तेव्हा वय रेघांत शोधू नका. डोळे किलकिले करून बघा. वरची पापणी उतरलेली असते, कानशिलं खोल गेलेली असतात, जबड्याची कडा मानेत विरघळते. दात पडले असतील तर नाक आणि हनुवटी जवळ येतात, ओठ आत वळतात. एवढं छायाप्रकाशात नीट बसलं की दोन-तीन आठ्या पुरतात. मला हे हाताला यायला दीड वर्ष लागलं.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत डच चित्रकार रेम्ब्रांची दोन आत्मचित्रं आहेत: एक वयाच्या ३४व्या वर्षीचं (१६४०), दुसरं ६३व्या (१६६९, त्याच वर्षी तो गेला). गॅलरीच्या साइटवर दोन्ही शेजारी उघडून ठेवा. पहिल्यात गडी कठड्यावर हात टेकून, जुन्या थाटाचे भारी कपडे घालून ऐटीत बसलाय. दुसऱ्यात हात नुसते एकमेकांत गुंफलेले. एक्स-रेत दिसलं, की आधी त्या हातात ब्रश होता. नंतर त्यानं तो रंगाखाली गाडला. चेहऱ्यावर रंगाचे जाड थर, हात मात्र जेमतेम सुचवलेले. स्वभाव कुठे दाखवायचा आणि काय गाळायचं, हे मला पुस्तकांपेक्षा त्या न दिसणाऱ्या ब्रशनं जास्त शिकवलं.

पुढे पोटासाठी ऑर्डरी घ्याल, तेव्हा लोक गेलेल्या माणसाचा पासपोर्ट फोटो आणतील आणि म्हणतील, "जरा तरुण दाखवा." फ्लॅशनं सावल्या खाल्लेल्या, चेहरा ताटासारखा सपाट. घरातले चार-पाच साधे फोटो मागितल्याशिवाय हो म्हणू नका (आणि आगाऊ पैसे घेतल्याशिवायही). मी एकदा म्हटलं. एका मास्तरांना छान गुळगुळीत करून दिलं. त्यांची मुलगी बराच वेळ बघत राहिली. "नाक-डोळे बाबांचेच आहेत, पण हे बाबा नाहीत." मग विचारलं, घरात कसे बसायचे? म्हणाली, चष्मा नाकावर घसरलेला, आणि कुणी आलं की मान न उचलता चष्म्यावरून बघायचे.

मी मान थोडी खाली घेतली, चष्मा घसरवला, बुबुळं वर नेली, डोळ्यांखालच्या पिशव्या परत आणल्या. चार दिवसांनी ती धाकट्या भावाला घेऊन आली. चित्र बघितलं आणि त्याला कोपरानं ढोसून म्हणाली, "गृहपाठ झालाय का?"